पॅलेट विकत घ्यायचे की भाड्याने? आधी सांगा, परत येतात का?

गोडाऊनचा व्हिडिओ पाहून बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "सर, पॅलेट विकत घेऊ की भाड्याने?" आपल्याकडे भाडं म्हटलं की पैसे पाण्यात गेले असंच वाटतं. त्यामुळे कल विकत घेण्याकडे. माझाही होता.

भोसरीत माझं छोटं पॅकिंग युनिट होतं, तेव्हा मी एकदम 60 लाकडी पॅलेट बनवून घेतले. वर्षअखेरीस मोजले तर 23. चोरी वगैरे काही नाही हं! माल पॅलेटसकट गिऱ्हाइकाकडे जायचा आणि गाडी रिकामी परत यायची. तिथला माणूस म्हणायचा, "माल खाली काढून ठेवायला आज जागा नाही, पॅलेट पुढच्या खेपेला न्या." पुढच्या खेपेला तो माणूसच दुसऱ्या शिफ्टला. आणि आमच्या चलनावर पॅलेटची नोंदच नसायची, मग भांडणार कशाच्या जोरावर?

म्हणून किमतीचं गणित नंतर. आधी बघा, तुमचा पॅलेट गेटबाहेर जातो का, आणि गेला तर परत येतो का.

समजा पॅलेट 1,200 रुपयांना पडला (आकडा सोयीसाठी धरलाय, तुमच्या भागातला भाव टाका). दर 20 खेपांमागे एक हरवत असेल, तर एका पॅलेटला सरासरी 20 खेपा मिळतात, म्हणजे खेपेला 60 रुपये. दर 4 खेपांमागे एक हरवत असेल, तर खेपेला 300! पॅलेट तोच, किंमत तीच. वर रिकामे परत आणायचं गाडीभाडं आणि तुटलेली फळी बदलायची मजुरी वेगळी. हा हरवण्याचा खर्च कुठल्याच बिलावर दिसत नाही, म्हणून आपण तो धरतच नाही.

मग सगळे भाड्यानेच घ्यायचे? थांबा. लीप इंडियासारख्या कंपन्या पॅलेट भाड्याने देतात. (निळा पॅलेट दिसला तर तो बहुधा मूळचा चेप कंपनीचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने ऑस्ट्रेलियात मागे ठेवलेल्या पॅलेटपासून त्यांची सुरुवात झाली.) सोय अशी की माल गिऱ्हाइकाच्या गोडाऊनला पोचला की रिकामा पॅलेट तिथूनच उचलायची व्यवस्था होऊ शकते. पण गोम करारात असते. पॅलेट तुमच्या नावावरून उतरेपर्यंत दिवसाचं भाडं चालूच, रिक्षाच्या मीटरसारखं. हरवला तर भरपाई तुमच्याकडून. त्यामुळे सही करण्याआधी तीन गोष्टी विचाराच: माझ्या गिऱ्हाइकाच्या गोडाऊनमधून तुम्ही उचलता का, नोंद कधी उतरते, आणि कमीत कमी किती पॅलेट घ्यावे लागतात. पहिल्या प्रश्नाला "बघू" असं उत्तर आलं, तर मी तरी सही करणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे. गोडाऊनच्या आतच फिरणारे पॅलेट विकत घ्या, तेही जुने, फळ्या आणि खिळे तपासून. महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या मालाखाली भाड्याचा पॅलेट ठेवणं म्हणजे मीटर चालू ठेवून घरी झोपणं. मोठ्या साखळी दुकानांच्या गोडाऊनला नियमित माल जात असेल, किंवा आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्यांसारखी दोन-तीन महिन्यांचीच घाई असेल, तर भाड्याने घ्या.

निर्यातीचं वेगळं. तिथे पॅलेट बहुतेक वेळा परत येतच नाही, त्याची किंमत मालातच धरायची. लाकडी असेल तर आयएसपीएम-15 चा शिक्का लागतो. त्यात एचटी लिहिलं असेल, तर लाकूड गाभ्यापर्यंत किमान 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवलंय असा अर्थ. शिक्का नसलेला पॅलेट स्वस्त मिळाला म्हणून कंटेनरमध्ये भरू नका, अख्खा माल तिकडच्या बंदरात अडकू शकतो.

आणि स्वतःचा पॅलेट बाहेर पाठवायचाच असेल, तर चलनावर "परतीचे पॅलेट, इतके नग" लिहून समोरच्याची सही घ्या. एवढी एक ओळ मी लिहीत नव्हतो. परवा त्या गिऱ्हाइकाच्या गेटवरून गेलो, तर सिक्युरिटीवाल्याने दोन पॅलेट जोडून बसायला झकास बाक केलाय. कडेच्या पिवळ्या रंगावरून ओळखले, माझेच.