गुरांची वेळ आणि राखीव रान

गुरे रान खातात, हा वनखात्याचा जुना आक्षेप आहे व तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु गुरे केव्हा चरतात, काय निवडतात आणि काय सोडून देतात, याची चौकशी न करताच त्यांना रानाबाहेर हाकण्याचे धोरण आखले गेले, तर त्यात रानाचेही भले होत नाही आणि गुरांचेही. तेलंगणातील आदिलाबादकडे पाहिले की हे ध्यानी येते.

पैनगंगेपलीकडचा हा मुलूख गोमंतकीय वाचकाला दूरचा वाटेल. पण १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत आजच्या नांदेडातील किनवट याच जिल्ह्यात होते आणि सीमेवरच्या गावांतून मराठी अजून ऐकू येते. गोंडांची शेती बैलांवर चालली, तर मथुरा लभाणांचा संसार गाईंच्या दुधावर. मांसासाठी गुरे पोसणाऱ्या देशांत चराईचा अभ्यास नफ्याच्या हिशेबाने झाला. येथे तो हिशेब नाही. गवताचा नियम मात्र दोन्हीकडे एकच.

गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. जिभेने गवताचा झुबका वेढून ती तो ओढून तोडते. मेंढीसारखे मुळापर्यंत कुरतडणे तिला साधत नाही. दिवसाकाठी सुमारे आठ तास ती चरते आणि जवळजवळ तितकाच वेळ रवंथ करते. चरण्याचा तिचा खरा भर पहाटे आणि सायंकाळी असतो. ऊन तापले की ती सावली धरते व उन्हाळ्यात रात्रीही चरू पाहते. आपल्याकडे मात्र धार काढून झाल्यावर, ऊन वर आल्यावर कळप सुटतो आणि दिवेलागणीला गोठ्यात परततो. म्हणजे चरण्याचा उत्तम वेळ दावणीला जातो. वाघ-बिबट्याच्या मुलुखात गुराख्याने अंधारात कळप न्यावा, असे कोण म्हणेल? मग उरलेल्या वेळात तरी त्याला गवताळ जागा मिळावी, एवढे मागणे वाजवी ठरते.

दुसरी गोष्ट निवडीची. गाय कोवळे गवत शोधते आणि तेथेच नवा कोंभ फुटला की पुन्हा परतते. त्या गवताची मुळे थकतात, आणि तिने तोंड न लावलेल्या घाणेरीला, गाजरगवताला मोकळे रान मिळते. आंद्रे व्हॉइसँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात मांडले की कुरणाची हानी केवळ गुरांच्या संख्येने ठरत नाही. ती एका जागी किती काळ राहतात आणि किती लवकर परततात, यावर पुष्कळ अवलंबून असते. खाल्लेल्या गवताला विसावा हवा. आमच्या गावांतून सबंध गावची गुरे आज या सड्यावर, उद्या त्या उतरणीवर नेणारा राखणा हे पुस्तकाशिवाय जाणत होता. तो गेला आणि गुरे डांबरी रस्त्यावर येऊन बसली. आता त्यांना मोकाट म्हणून आपण मोकळे होतो!

कवाल अभयारण्य २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले व त्या चौघांच्या वनांचा विचार आता वेगवेगळ्या कचेऱ्यांतून होतो. वाघांच्या गाभाक्षेत्रात गुरांना मज्जाव असावा, हे आम्हांस मान्य आहे. पण त्याबाहेरचेही एकेक रान कुंपणात गेले, की तोच कळप उरलेल्या पट्ट्यावर दाटतो, विसावा संपतो आणि उजाड झालेला तो पट्टा पुन्हा गुरांच्याच दोषाचा पुरावा म्हणून दाखविला जातो. याच भूमीत निजामी राजवटीच्या वनकायद्यांविरुद्ध व चराईवरील कराविरुद्ध कुमराम भीम उभा राहिला आणि १९४० मध्ये जोडेघाटला मारला गेला. त्याचे नाव आज एका जिल्ह्याला आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्क मान्य केला आहे, भटक्या पशुपालकांचाही. त्या आधारे ग्रामसभा व वनखाते यांनी एकत्र बसून गाभ्याबाहेरच्या रानाचे भाग पाडावेत. दरवर्षी पावसाळ्यात त्यांपैकी काही भाग पाळीपाळीने बंद राहावेत, गवताचे बी पडेपर्यंत. पुढे तेथील वाळले गवत कापून नेण्याची मुभा त्याच गावांना असावी. कोणते रान केव्हा मिटायचे हे ठरविताना गुराख्याला बैठकीत बोलवावे. पावसाळा सुरू होण्यापूर्वी बोलवावे, म्हणजे त्याचे म्हणणे त्याच वर्षी उपयोगी पडेल.