घेणेकऱ्यांची रांग

जनाज्याच्या नमाजआधी घरातला जाणता माणूस पुढे येऊन सांगतो, ‘मरहूमकडे कोणाचं काही देणं निघत असेल, तर आमच्याकडून घ्यावं.’ कर्ज आधी, वारसांची वाटणी नंतर, हे आपल्याला ठाऊक असते. पण मालमत्ता ४ लाखांची आणि देणी ८ लाखांची निघाली तर? आमच्या पाहण्यात असे, की ज्याचा आवाज मोठा त्याचे आधी भागते, मग सोयऱ्यांचे. दूधवाली मावशी वही घेऊन दारातूनच परत जाते. वास्तविक शरीअतनुसार, गहाण वस्तूवरचा हक्क सोडला तर बाकी घेणेकऱ्यांनी आपापल्या रकमेच्या प्रमाणात वाटून घ्यायचे. म्हणजे इथे रुपयाला ८ आणे. मावशीलाही आणि सावकारालाही.

हाच प्रश्न आपल्या जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेमुळे. ६ डिसेंबर २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. १० हजारांपेक्षा जास्त रक्कम काढता येईना. लोक चिडले, आणि ते साहजिकच होते. ठेव ही ठेवीदाराची मालमत्ता; कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता हिरावता येत नाही, असे संविधानाचे कलम ३००-अ सांगते. तरीही आम्हाला वाटते, अशी बंदी नसती तर ज्याला बातमी आधी कळते तो सगळे काढून मोकळा होतो आणि नंतर येणाऱ्याच्या वाट्याला रिकामी तिजोरी येते.

४ ऑक्टोबर २०२३ रोजी परवानाच रद्द झाला. ठेव विम्याचे संरक्षण ५ लाखांपर्यंत. फेब्रुवारी २०२० पूर्वी ते १ लाखच होते. त्यावरची रक्कम अवसायक कर्जवसुली करील तशी मिळायची. पण त्या वसुलीतून विमा महामंडळाने दिलेले पैसे परत करणेही त्याच्यावर बंधनकारक आहे. महामंडळाचा पैसा अनेक बँकांच्या हप्त्यांतून जमतो, तो बुडू नये हे खरेच. पण निवृत्तीची सारी पुंजी ठेवलेल्या म्हाताऱ्याला त्याच्यामागे ताटकळत ठेवणे आम्हाला पटत नाही. दोघांना प्रमाणात, बरोबरीने का देऊ नये?

तोवर घरातल्या पावत्या काढून बघा. एकाच बँकेच्या सर्व शाखांतली एका नावाची रक्कम, व्याजासकट, एकत्र धरली जाते. संयुक्त खाते आणि दुसरी बँक मात्र वेगळी.