फिनिक्समधील बोचे : देश, काल, पात्र

आपल्यांतील कित्येक गृहस्थ मुलांकडे अमेरिकेंत फिनिक्स शहरीं राहावयास जातात. मुलगा-सून कचेरींत, नातवंडें शाळेंत. मग दिवस खावयास उठतो. अशांस मी बोचे हा इटालियन खेळ सुचवीन. आधीं एक लहान गोळी टाकावयाची आणि दोन्ही पक्षांनीं आपापले चार गोळे घरंगळवीत तिच्या जवळांत जवळ न्यावयाचे, इतकेंच. धांवपळ नाहीं; लहानपणीं गोट्या खेळलेल्या हातास तो परका वाटत नाहीं.

प्रथम देश. शहरानजीकच्या सन सिटी या १९६० सालीं वसविलेल्या ज्येष्ठांच्या वसाहतींत बोचेचीं पटांगणें आहेत. पण तीं तेथील रहिवाशांसाठीं व त्यांच्या पाहुण्यांसाठीं. इतरांनीं गोळ्यांचा संच घेऊन सार्वजनिक उद्यानांतील सपाट हिरवळ गांठावी. आखीव पट्टी नसली तरी अडत नाहीं.

दुसरा काल, आणि येथें तोच मुख्य. २०२३ सालीं तेथील पारा सलग ३१ दिवस ११० अंश फॅरनहाइट वा त्याहून वर चढला. त्या वर्षीं मॅरिकोपा परगण्यांत उष्म्यामुळें ६४५ मृत्यू नोंदले गेले. कार्तिक ते फाल्गुन खुशाल खेळावें. उन्हाळ्यांत पहाटे खेळून ऊन चढण्यापूर्वीं घर गांठावें. संध्याकाळचा भरंवसा धरूं नये. तापलेली फरसबंदी रात्रींही उष्णता सोडीत असते.

राहिलें पात्र. हृदयविकार असल्यास वैद्यांस विचारावें. मात्र इंग्रजी मोडकें आहे म्हणून संकोचूं नये. कोणाचा गोळा जवळ, हें वांकून पाहणाऱ्या दोन वृद्धांस भाषेची फारशी गरज पडत नाहीं.