मागचा बाक

“काका, माझी पुस्तक तुमच्याकडे राहिली काय?” दारातून आवाज आला आणि मला हसू फुटले. “पुस्तक ‘ती’ कधीपासून झाले रे?” मी म्हणालो. घरातलीही हसली. पोरगा कानकोंडा झाला.

हा नालासोपाऱ्याचा. वडील भाजीची गाडी लावतात. ते १९९५ साली बलियाहून इकडे आले. पोरगा मात्र इथेच जन्मला. यंदा कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आहे. घरी भोजपुरी, शाळा हिंदी, गल्लीत मराठी आणि आता वर्गात एकदम इंग्रजी! दिवसातून चारदा जीभ बदलायची, म्हणजे काय चेष्टा आहे?

“कॉलेजात कसे चालले आहे?” मी विषय बदलला.

“ठीक आहे. मागच्या बाकावर बसतो. काही विचारले की मुले हसतात.”

वाचकहो, माझा चहा तसाच राहिला. कारण तो बाक माझ्या चांगल्या ओळखीचा आहे! पन्नास वर्षांपूर्वी मीही विरार लोकलने मुंबईच्या कॉलेजात जात असे. मी पिढीजात वसईकर, मराठीच. पण घरची बोली सामवेदी. पहिल्याच उत्तराला वर्गात हशा पिकला आणि पुढे दिवाळीपर्यंत मी तोंड उघडले नाही. त्याच बोलीच्या मुलखातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा माझ्या मनातला तो हशा कुठे थांबला.

या पोराची अडचण माझ्याहून मोठी. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून महाराष्ट्रात असल्याचा पुरावा लागतो. तो बापाने आणायचा कुठून? तेव्हा फी पुरती भरायची आणि वर हसूनही घ्यायचे! कायदा बदलणे माझ्या हाती नाही; हसणे आवरणे तर आहे?

त्याला बसवून मी माझी जुनी गोष्ट सांगितली. तो चकित झाला. “तुम्हालापण हसले? तुम्ही तर इथलेच!”

“म्हणून तर सांगतो. उद्यापासून पुढच्या बाकावर बस. चुकलास तरी विचार.”

पुस्तक घेऊन तो उठला. दारात थबकून, जरा भीतभीतच म्हणाला, “काका, माझे पुस्तक मिळाले.”

या खेपेस घरात कोणी हसले नाही.