वरातीत सॅक्सोफोन कोण वाजवतो?

मनू दिबांगो यांच्या आयुष्यभराच्या कामातून निवडलेल्या गाण्यांचा संग्रह ऐकताना मला वरणगावची लग्नसराई आठवते. ते सॅक्सोफोनवर जॅझ आणि फंक वाजवायचे. जन्म १९३३चा, कॅमेरूनच्या दुआला शहरातला. २०२०च्या मार्चमध्ये कोरोनाने गेले.

१९७२ साली कॅमेरूनमध्ये आफ्रिका चषक फुटबॉल स्पर्धा भरली. तिच्यासाठी त्यांनी एक गाणं केलं आणि रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ‘सोल मकोसा’ टाकलं. पुढची बाजू लोक विसरले, मागची न्यूयॉर्कच्या नाचघरांत गाजली. पुढे मायकल जॅक्सनने त्यातल्या बोलांचा ठेका आपल्या गाण्यात घेतला, तेव्हा दिबांगोंनी दावा लावला आणि तडजोडीत पैसे मिळवले. रेकॉर्डवर नाव होतं, म्हणून भांडता आलं.

आपल्याकडे मनोहारी सिंग होते. ‘आराधना’मधल्या ‘रूप तेरा मस्ताना’चा सॅक्सोफोन त्यांचा. ते गाणं १९६९पासून घराघरात आहे, पण रेकॉर्डवर गायक, संगीतकार आणि गीतकार एवढीच नावं छापायची रीत होती. वाजवणारा स्टुडिओतून पाकीट घेऊन निघून जायचा.

आणि तीच गाणी वर्षानुवर्षं भर उन्हात, चालत, वरातीपुढे वाजवणारे? त्यांना तर स्टुडिओही नाही. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने भारतातल्या लग्नाच्या बँडवर २००५ साली पुस्तक लिहिलं. या धंद्यात मुसलमान आणि दलित कुटुंबं किती मोठ्या संख्येने आहेत, ते त्यात सापडतं. आम्हा खान्देशातल्या लोकांना त्यासाठी पुस्तक लागत नाही म्हणा. बँडच्या दुकानावरची पाटी वाचली की पुरे.

मशिदीसमोर वाद्य वाजवण्यावरून या देशात शंभर वर्षांहून जास्त काळ डोकी फुटली आहेत. त्या मिरवणुकीत क्लॅरिनेट तोंडाला लावलेला माणूस कितीदा तरी त्याच मशिदीत जुम्याला जाणारा असतो. दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना तो दिसत नाही. जमाव भडकला की पहिला दगड मात्र त्याच्याच अंगावर येऊ शकतो.

आपल्या समाजाचं वागणंही मला खटकतं. गाणं-वाजवणं जायज की नाजायज, यावर उलेमांचं एकमत कधीच नव्हतं. पण बँडवाल्याच्या घरी मुलगी द्यायची वेळ आली की आपलं एकमत होतं. वलीमा मात्र त्याच बाजाच्या कमाईतून झालेला असला तरी आपण बोटं चाटून जेवतो. याला दीनदारी म्हणू नये. ही जातपातच आहे.

आता डीजे आला. ट्रकभर स्पीकर एक पोरगा चालवतो आणि आठ-दहा वाजवणाऱ्यांची सुपारी जाते. जुने मास्तर थकले, पोरं रिक्षा चालवतात किंवा सुरतेला जातात. दिबांगोंसारखा संग्रह यांच्यापैकी कुणाचा निघणार नाही, कारण निवडायला काही नोंदवलेलंच नाही.

मोबाइल तर प्रत्येकाच्या खिशात आहे. पुढच्या लग्नात नवरदेवाचा नाच टिपून झाला की कॅमेरा जरा मागे वळवा. मास्तरांना सावलीत बसवून, पाणी देऊन, त्यांच्या आवडीचं एक गाणं सबंध वाजवायला सांगा. खाली त्यांचं नाव, वाद्य आणि गाव लिहा. आणि ज्या पत्रिकेत मामा, काका, फुफा आणि चिमुकल्यांपर्यंत पंचवीस नावं छापतो, तिच्यात बँडमास्तरांच्या नावाची एक ओळ घाला. छापखानेवाला त्याचे वेगळे पैसे घेत नाही.