गावाचीही वंशावळ असते



आजोबांचे नाव कोणी विचारले तर आपण चटकन सांगतो. पण आपल्या टोल्यावर पहिली बांधी कोणी पाडली, बोडीची पाळ कोणी घातली, हे विचारले की आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो.

गोंदियाजवळचे आपले नागरा पाहा. महाशिवरात्रीला यात्रेला जाता, जुन्या दगडी शिवमंदिरात माथा टेकता. देवळामुळे नागऱ्याचे जुनेपण कोणालाही दिसते. लहान टोल्याला असे देऊळ नसते. त्याचा इतिहास पाळीत, बांधावर आणि दप्तरात असतो.

थोडी उजळणी करू. १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. पुढे बंदोबस्त झाला, मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ३१ मार्च १९५१ पासून त्यांचे तलाव सरकारजमा झाले. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, १९६० साली महाराष्ट्रात आलो, १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. राज्ये बदलली, धानाला पाणी मात्र त्याच तलावाचे.

आता कामाची गोष्ट. गावाच्या दप्तरात दोन कागद फार मोलाचे आहेत. निस्तारपत्रकात गावच्या पडीत सरकारी जमिनीवरील चराई, जळाऊ लाकूड, माती-मुरूम यांची व्यवस्था असते. वाजिब-उल-अर्जमध्ये पाणी, वाट आणि मासेमारी यांच्या जुन्या वहिवाटी नोंदलेल्या असतात. हा इतिहास पोथीत गुंडाळून ठेवायचा नाही. उद्या कोणी तलावाच्या पोटात नांगर घातला किंवा पाटाची वाट अडवली, तर तोंडी आठवण तोकडी पडते, तेव्हा हाच कागद बोलतो.

म्हणून यंदा धानाची मळणी आटोपली की एवढे करा. तलाठ्याकडे व तहसील कचेरीत अर्ज देऊन या दोन्ही कागदांच्या नकला मागा. शाळेत जाणाऱ्या मुलाला वही देऊन म्हाताऱ्यांजवळ बसवा. कोणत्या बांधीला काय नाव, पाणी कोणत्या क्रमाने फिरे, पाळीच्या दुरुस्तीला कोण जाई, सारे लिहून घ्या. मायमाऊलींनाही विचारा, घाट, विहिरी आणि जुन्या धानाच्या जाती त्यांच्या ध्यानात जास्त असतात. मग ती वही आणि नकला ग्रामसभेत वाचून दाखवा.

बियाणे आपण पुढच्या हंगामासाठी राखतोच. गावाची आठवणही तशीच राखून ठेवा. सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.