पुन्हा खाऱ्या पाण्याकडे

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘रोग आणि औषध सोडून काहीही लिहा’ असा संपादकांचा प्रेमळ आदेश आला. वैद्यकमित्र साधारणतः अशा वेळी प्रवासवर्णनाकडे किंवा शास्त्रीय संगीताकडे वळतात. मी मात्र समुद्री मत्स्यटाकीविषयी लिहिणार आहे. बडोद्यात बसून समुद्राची टाकी ठेवणे हा मुळातच थोडा विक्षिप्त प्रकार, आणि वीस-एकवीस वर्षांच्या खंडानंतर पन्नाशी उलटल्यावर तो पुन्हा सुरू करणे हा त्याहून विक्षिप्त. तरीही यानिमित्ताने आपल्या सर्वांच्या विचारासाठी एक मत मांडायचे आहे आणि ते थोडे कडू लागण्याचा संभव आहे.

माझी पहिली टाकी २००४ साली बंद झाली. नवजात शिशुविभाग सुरू झाला, रात्री-अपरात्रीचे बोलावणे वाढले आणि घरातील मासे एका स्नेह्याकडे रवाना झाले. हा छंद सवडीने करण्याजोगा नाही. दोन दिवस दुर्लक्ष झाले तर गोड्या पाण्यातील गप्पी मासे क्षमा करतात, खाऱ्या पाण्यातील मासे करीत नाहीत.

परत आल्यावर प्रथम जाणवला तो प्रकाश. त्या काळी टाकीवर मेटल हॅलाइडचे दिवे असत. ते इतके तापत की मे महिन्यात पाणी थंड ठेवणे हेच मुख्य काम होई. आता निळ्या एलईडीचे पट्टे आले आहेत. गंमत अशी की हाच बदल आपण आपल्या विभागातही पाहिला. काविळीच्या बाळाला ज्या निळ्या प्रकाशाखाली ठेवतो, त्याच्या नळ्या जाऊन एलईडी आले ते जवळजवळ याच वर्षांत. बिलिरुबिनसाठी साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरचा पट्टा उपयोगी, आणि प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांनाही निळाच प्रकाश अधिक मानवतो. ज्या निळ्या एलईडीसाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल दिले गेले, त्याने बालरोगतज्ज्ञाचे आणि मत्स्यप्रेमीचे एकदमच भले केले, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा बदल विचारांतला. आम्ही शिकलो होतो की टाकीतील नायट्राइटचे नायट्रेट करणारा जीवाणू म्हणजे नायट्रोबॅक्टर. १९९८ च्या संशोधनाने दाखविले की गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतो. पुढे २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने करणारे जीवाणू सापडले. पूर्वी पाणी जितके ‘निर्जंतुक’ आणि पोषकद्रव्यरहित तितके उत्तम, अशी श्रद्धा होती. आज जाणकार मंडळी थोडे नायट्रेट व थोडे फॉस्फेट मुद्दाम राखतात, कारण दोन्ही शून्यावर गेली की उपद्रवी सूक्ष्मजीव मोकळे रान मिळाल्यासारखे माजतात. ज्याने प्रत्येक सर्दीला प्रतिजैविक मागणाऱ्या पालकांशी तीस वर्षे हुज्जत घातली आहे, त्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

बाकीचे गणित जुनेच आहे. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे दोनशे लिटरच्या टाकीला सात किलो. दर आठवड्याला वीस लिटर पाणी बदलायचे म्हटले तर सातशे ग्रॅम. सामू ८.१ ते ८.३, तापमान २५-२६ अंश. आणि प्रारंभीचे चार ते सहा आठवडे टाकीत एकही मासा न सोडता केवळ जीवाणूंची वाढ होऊ देणे. या काळात घरातील मंडळी ‘रिकाम्या पाण्याला दिवा कशाला लावता?’ असे विचारतात. ते स्वाभाविक आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ‘प्रवाळटाकी’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर येतात ते कठीण सांगाड्याचे, भिंत बांधणारे प्रवाळ. भारतात २००१ साली हे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाघाच्या पंक्तीस बसले. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही ते तेथेच आहेत. पहिल्या अनुसूचीतील गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. हे संरक्षण मेलेल्या प्रवाळाच्या सांगाड्यालाही आहे. दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात ठेवलेली ती पांढरी ‘शोभेची फांदी’ हाही त्याच प्रकारातला विषय. तरीही एका दुकानदाराने मला, मी व्यवसायाने डॉक्टर आहे हे कळताच, आवाज खाली आणून ‘साहेब, स्पेशल माल मागवून देतो’ असे सांगितले. आवाज खाली आणला यातच सर्व आले.

डॉक्टर आहे हे कळताच, हे शब्द मी जाणीवपूर्वक लिहिले. या व्यापाराचे उत्तम गिऱ्हाईक कोण? रुग्णालये, दवाखाने, दंतवैद्यांच्या प्रतीक्षाकक्षांतील भिंती. महिन्याच्या कराराने कोणीतरी येऊन टाकी पुसतो, मेलेले उचलतो, नवे सोडतो. आपण आत रुग्ण तपासत असतो. बाहेर पंचवीस माणसे ती टाकी पाहतात आणि मनाशी ठरवतात की डॉक्टरांकडे आहे म्हणजे ते योग्यच असणार. औषधकंपनीच्या भेटवस्तूबाबत आपण जी सावधगिरी आता बाळगू लागलो आहोत, ती या काचेच्या पेटीबाबत का नसावी? माझे मत स्पष्ट आहे: ज्या टाकीतील जीवांची नावे डॉक्टरला स्वतःला सांगता येत नाहीत आणि ते कोठून आले हे माहीत नाही, ती टाकी दवाखान्यात असू नये. ‘मुले रमतात हो’ हा युक्तिवाद मी रोज ऐकतो. मुले चित्रांच्या पुस्तकातही रमतात.

मग स्वतः काय ठेवले आहे? मानवनिर्मित खडक, हिरवी समुद्री शैवाले, काही गोगलगायी आणि क्लाऊनफिशची एक जोडी. ही जोडी संवर्धनकेंद्रात जन्मलेली आहे, समुद्रातून धरलेली नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या प्रजननाचे तंत्र आपल्याकडे बसविले आहे. जगभर तर २०१५ मध्ये हवाई येथे पिवळ्या टँगसारखा अवघड मासाही संवर्धनगृहात वाढविण्यात यश आले. (जाता जाता: क्लाऊनफिश जन्मतः नर असतो. गटातील मादी मेली की प्रमुख नरच मादी होतो. हे ऐकल्यावर लहान रुग्ण इंजेक्शन विसरतात, आणि पालक विषय बदलतात.) मित्र चेष्टेने विचारतात, ‘प्रवाळाविना ही कसली प्रवाळटाकी?’ प्रश्न रास्त आहे. मी तिला मत्स्यटाकीच म्हणतो.

वैद्यकदृष्ट्या दोन गोष्टी मात्र सर्व शाखांच्या मित्रांनी लक्षात ठेवाव्यात. बाजारात मिळणाऱ्या काही झोआन्थिड जीवांत, विशेषतः पॅलिथोआ गटात, पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. टाकीतील खडक घरी उकळल्यामुळे किंवा गरम पाण्याने घासल्यामुळे वाफेतून संपूर्ण कुटुंबाला ताप, खोकला, धाप व स्नायुवेदना झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. डोळ्यात तुषार गेल्यास स्वच्छमंडलाला गंभीर इजा होते. दुसरी गोष्ट म्हणजे हातावर आठवडेच्या आठवडे न भरणारी, कोपराकडे रांगेने सरकणारी गाठ. अशा वेळी ‘घरी मासे आहेत का?’ हा एक प्रश्न विचारावा आणि मायकोबॅक्टेरियम मॅरिनमचा संशय प्रयोगशाळेला आवर्जून कळवावा, कारण हा जीवाणू ३० ते ३२ अंशांवर चांगला वाढतो; नेहमीच्या ३७ अंशांवर तो हाती न लागण्याची शक्यता असते.

आणि ज्यांना खरेखुरे प्रवाळ पाहायचेच आहेत, त्यांनी फार लांब जाण्याचे कारण नाही. ओखामंडल हा एके काळी बडोदे संस्थानाचाच मुलूख. सयाजीराव महाराजांच्या राजवटीत तेथील सागरी जीवसृष्टीची पाहणी करण्याचे काम जेम्स हॉर्नेल या शास्त्रज्ञाकडे सोपविले गेले. १९०५-०६ मध्ये पाहणी झाली, अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये व दुसरा १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शहराने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी असा अहवाल छापून घेतला, तेथील आपल्या मंडळींना कच्छच्या आखातात प्रवाळ आहेत याचेच आश्चर्य वाटते, हे मला नेहमी खटकते. १९८२ साली तेथे देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. जामनगरजवळच्या नरारा येथे ओहोटीला चक्क चालत प्रवाळांपर्यंत जाता येते. गुडघाभर पाण्यात समुद्रफुले, ठिसूळतारे, नशीब असेल तर एखादा ऑक्टोपसही दिसतो. १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२३-२४ या वर्षांत समुद्र तापून जगभरचे प्रवाळ पांढरे पडले. तेव्हा ‘पुढे केव्हातरी पाहू’ ही आपली नेहमीची पद्धत येथे चालणार नाही.

मंडळाच्या वार्षिक सहलीसाठी म्हणूनच मी नराऱ्याचे नाव सुचवितो. थंडीतील अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा दिवस धरावा, कारण तेव्हा ओहोटी खोल जाते. वनखात्याची परवानगी आधी काढावी, माहीतगार वाटाड्या सोबत घ्यावा, पायात जुने बूट असावेत. मुलांना जरूर आणावे. त्यांनी तेथून काहीही उचलून खिशात घालू नये, एवढे पालकांनी पाहावे. नावनोंदणी माझ्याकडे केली तरी चालेल.